यू.आर. झाली, म्हणजे नेमकं काय झालं?



होळीच्या आधीच्या बैठकीत आपल्यात जे भांडण झालं, ते गावागावांत अर्धवट पोचलंय. कुणी म्हणतं संघटनेने पोरीला काढून टाकलं. कुणी म्हणतं पोरगीच पुढाऱ्यांकडे गेली. दोन्ही खोटं आहे. मी त्या बैठकीत होतो, बोललोही जोरात, आणि नंतर मला माझं बोलणं अर्धं चुकल्यासारखं वाटलं. म्हणून लिहितोय. हे माझं मत आहे, संघटनेचा ठराव नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकात लिहावं, लिहिता येत नसेल तर सांगावं, मी लिहून घेतो.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्या पाड्यावरची एक पोरगी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव लिहीत नाही, तिनेच नको म्हटलं. तिचा बाप नवाडाच्या केसमध्ये दोनदा रेंज ऑफिसला बसून आलेला आहे, एवढं सांगितलं की जुन्या लोकांना कळेल. ती यंदा कॉलेजची यू.आर. झाली. यू.आर. म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी. आपल्या धुळे जिल्ह्यातली कॉलेजं आता जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात. ते विद्यापीठ १९९० साली झालं, त्याच्या आधी आपल्याकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. तर प्रत्येक कॉलेजातून एक पोरगा किंवा पोरगी तिथे विद्यार्थ्यांच्या वतीने जायची. ते काम तिला मिळालं. आपल्या डोंगरातून तिथे गेलेलं माझ्या माहितीत हे पहिलंच माणूस.

आता हे मिळालं कसं ते नीट समजून घ्या, कारण बैठकीत निम्म्या लोकांना वाटत होतं की पंचायतीसारखं मतदान झालं असेल. तसं नाही. पूर्वी कॉलेजात पोरं मतदान करायची. त्यात पैसा चालायचा, जीपगाड्या फिरायच्या, हाणामाऱ्या व्हायच्या. मुंबईत १९८९ साली कॉलेजच्या निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. मग सरकारने १९९४ चा विद्यापीठ कायदा केला आणि ते मतदान बंद केलं. त्या कायद्याने प्रत्येक वर्गात मागच्या परीक्षेत ज्याला चांगले मार्क, त्याला प्राचार्य सी.आर. म्हणून नेमायचे. त्यात खेळातला एक, एन.एस.एस.चा एक, एन.सी.सी.चा एक, नाचगाण्यातला एक आणि दोन मुली. ह्यांनाही प्राचार्यच नेमायचे. ही सगळी मिळून कॉलेजची विद्यार्थी परिषद. ह्या दहा-बारा जणांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, त्यालाच पोरं यू.आर. म्हणायची. हजार पोरांच्या कॉलेजात मतदान फक्त बारा जणांचं.

मला तो कायदा पटला नाही. मारामारी बंद व्हावी हे ठीक, पण भांडण नको म्हणून मतच काढून घ्यायचं? आपल्या गावात कारभारी निवडताना कुणी त्याचा दाखला बघतं का? माणूस रात्री बोलावलं तर येतो का, गार्डसमोर बोलताना त्याची मान खाली जाते का, वाटणीत खोटं करतो का, हे बघतात. मार्कांवर प्रतिनिधी नेमायचा म्हणजे ज्याच्या घरी लाईट आहे, ज्याची मातृभाषा मराठी आहे, जो दिवाळीनंतर आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जात नाही, त्याचाच नंबर आधी. मी बारावीला इंग्रजीत एकदा बसलो आणि दुसऱ्यांदा कसाबसा निघालो. ह्या कायद्याने मी सात जन्मात सी.आर. होणार नव्हतो. आणि जो प्राचार्याने नेमला तो प्राचार्याला विचारायला कचरणारच.

तरी आपली पोरगी मार्कांवरच आली! वर्गात पहिली. आश्रमशाळेत शिकलेली, चौथीपर्यंत घरी भिलीशिवाय दुसरा शब्द ऐकला नव्हता, तिला एफ.वाय.ला सगळ्यांत जास्त मार्क. त्यामुळे कायद्याला शिव्या देताना मला थोडं थांबावंही लागतं. खुलं मतदान असतं तर तिला उभं राहायला कुणी दिलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. मला वाटतं दिलं नसतं. पण हरायला तरी मिळालं असतं, चार वर्गांत जाऊन बोलायला मिळालं असतं. त्यातूनही माणूस शिकतं.

त्या बारा जणांत आपले चार. ती स्वतः, पळण्यात जिल्ह्यात आलेला एक पोरगा, एन.एस.एस.चा एक आणि मुलींच्या जागेवरची एक. दुसऱ्या बाजूला मोठ्या शेतकऱ्याचा पोरगा उभा होता, मोटारसायकलवाला. त्याने तीन सी.आर.ना सहलीला नेलं म्हणतात. तिच्याकडेही माणूस आला होता. तुझ्या भावाचं वसतिगृहाचं काम करून देतो, नाव मागे घे. तिने घेतलं नाही. बाजाराच्या दिवशी ती गावात आली तेव्हा हे तिने मला सांगितलं होतं, मी "बरं केलंस" म्हणालो आणि बियाण्याच्या दुकानात गेलो. नंतर विसरलो. हे मुद्दाम लिहितोय, पुढे कामाला येईल.

ती सात विरुद्ध पाचने निवडून आली. आपली चार मतं, मग बाकीची तीन कुठून आली? बाकीच्या मुलींची दोन आणि कॉमर्सच्या एका पोराचं एक. मुलींनी का दिली, तर कॉलेजात मुलींचं संडास आहे, त्याला कुलूप, आणि किल्ली शिपायाकडे. शिपाई पुरुष. त्याच्याकडे जाऊन किल्ली मागायची म्हणून पोरी दिवसभर पाणी पीत नव्हत्या. तिने सांगितलं, मी आले तर किल्ली आपल्या वर्गात ठेवू. त्या दोन पोरी आपल्या जातीच्या नाहीत, त्यातल्या एकीच्या घरी आपली माणसं सालदार होती. पण संडासाला कुलूप तिलाही होतंच. पहिल्या आठवड्यात किल्ली आली.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा काही जण हसले. हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. आपण गार्डने कुऱ्हाडी जप्त केल्या म्हणून तीन दिवस रेंज ऑफिससमोर बसलो होतो ना? गुजरातमध्ये अहमदाबादला १९७३ च्या डिसेंबरात इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी कशावरून सुरुवात केली? मेसचं बिल वाढलं म्हणून. दोन महिन्यांच्या आत मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना खुर्ची सोडावी लागली. आता किल्लीने सरकार पडत नाही हे मलाही समजतं.

दुसरं काम तिने केलं ते आपल्या पोरांचं. परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली. आपल्या पोरांची भारत सरकारची शिष्यवृत्ती नेहमीसारखी आलेली नव्हती. कॉलेजचा कारकून म्हणायचा, फी भरा तरच फॉर्म घेतो, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. दरवर्षी ह्याच ठिकाणी आपली पोरं कॉलेज सोडतात. कुणी बकरी विकतो, कुणी सावकाराकडे जातो, बाकीचे गपचूप घरी येतात आणि आपण म्हणतो, ह्याचं मन लागलं नाही शिक्षणात. मीही एकाला असंच म्हटलं होतं.

ती कारकुनाकडे गेली आणि म्हणाली, "सर, हे लेखी द्या. शिष्यवृत्तीवाल्याचा फॉर्म पैशाशिवाय घेणार नाही, असं लिहून सही-शिक्का द्या. मी तो कागद जळगावला नेते." कारकून तिला प्राचार्यांकडे घेऊन गेला. प्राचार्य रागावले, पण लिहून कुणी दिलं नाही. चार दिवसांनी ३९ पोरांचे फॉर्म घेतले.

हे "लेखी द्या" ती कुठे शिकली? कॉलेजात नाही. लहानपणी बापाबरोबर रेंज ऑफिसला जायची तिथे. आपण सगळ्यांनी हेच शिकलो की दंड भरला तर पावती घ्यायची, झोपडी मोडली तर पंचनामा मागायचा. १९७८ आणि ७९ च्या सरकारी ठरावात १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ ह्या काळातली अतिक्रमणं नावावर करायची ठरली, तेव्हा ज्याच्याकडे जुन्या दंडाची पावती होती त्याच्या हातात काहीतरी होतं. ज्याने दंड भरून पावती घेतली नाही, तो अजून तलाठ्याच्या दारात उभा आहे. हीच गोष्ट पोरीने कॉलेजात वापरली. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं.

काय जमलं नाही तेही सांगतो. वसतिगृहातलं जेवण, गृहपालाची दादागिरी, गाद्या, ह्यातलं काही तिला करता आलं नाही. वसतिगृह कॉलेजचं नाही, विद्यापीठाचंही नाही, आदिवासी विकास खात्याचं आहे. तिथे यू.आर.ला कुणी विचारत नाही. आपल्यातल्या बऱ्याच लोकांना हा फरक माहीत नाही आणि ते तिच्यावर चिडतात की पोरं उपाशी आहेत, तू काय करतेस. त्यासाठी प्रकल्प अधिकाऱ्याकडे मोर्चा न्यावा लागेल, आणि तो आपण न्यायचा आहे, तिने एकटीने नाही. जातीच्या दाखल्याचंही तसंच. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने खोट्या दाखल्यांच्या केसमध्ये तपासणी समित्या नेमायला सांगितल्या, ते आपल्याच भल्याचं आहे, बोगस लोक आपल्या जागा खातात. पण त्या तपासणीत खऱ्या भिल्ल-पावऱ्याच्या पोरालाही कागद कागद करत फिरवतात. हे कामही यू.आर.च्या हातातलं नाही. तिने विद्यापीठात अर्ज दिला की तपासणी चालू आहे तोवर पोराचा प्रवेश अडवू नये. उत्तर आलेलं नाही.

आता भांडणाचं मूळ. जानेवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन झालं. पाहुणे म्हणून तालुक्याचे एक पुढारी आले. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या भाऊबंदांकडे आपल्या तीन गावांची जमीन आहे. आपल्या लोकांची जमीन परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे, त्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात गेलेली जमीन परत मागता येते, आणि त्या कायद्याखाली आपल्या केसेस अजून चालू आहेत. त्या पुढाऱ्याला स्टेजवर हार घातला तो आपल्या पोरीने. यू.आर. म्हणून. पेपरात फोटो आला. बाजारात पुडी बांधलेल्या कागदावर तो फोटो आपल्या एका म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी बघितला. त्यांना वाचता येत नाही, पण पोरगी ओळखता येते.

बैठकीत त्यांनी तो कागद सगळ्यांसमोर ठेवला. बोलले फक्त एवढंच, "माझ्या शेतात त्याचा ट्रॅक्टर, आणि त्याच्या गळ्यात माझ्या नातीचा हार." त्यांची ती खरी नात नाही, पण आपल्यात सगळ्याच नाती. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मीच उठून म्हणालो की तिने स्टेजवरून उतरून जायला पाहिजे होतं. टाळ्या मिळाल्या मला.

ती मागे बायकांत बसली होती. उठली आणि म्हणाली, "दादा, मी उतरून गेले असते तर तुम्ही इथे टाळ्या वाजवल्या असत्या. दुसऱ्या दिवशी ३९ फॉर्मांचं काय झालं असतं? प्राचार्यांनी मला काढलं असतं, त्यांनीच नेमलंय. आणि मला त्या मुलींनीही मत दिलंय. त्यांनी काय म्हणून दिलं होतं, तुमच्या जमिनीसाठी?"

"तुमच्या जमिनीसाठी" हा शब्द तिने बोलायला नको होता. तिच्या बापाने मान खाली घातली. नंतर ती त्याबद्दल रडली, ते बाहेर फार कुणी बघितलं नाही. पण बाकीचं जे बोलली, त्यावर मी महिनाभर विचार करतोय.

एक तर हे खरं आहे की ती सगळ्यांची प्रतिनिधी आहे. आपल्या मतांवर ती आलेली नाही, चार मतांवर कुणी येत नाही. ज्यांच्या घरी आपली जमीन आहे त्यांच्याही पोरांचे फॉर्म तिने भरायला पाहिजेत. उद्या सरपंच आपला झाला तर त्याने दुसऱ्या फळीला पाणी सोडू नये असं आपण म्हणणार का?

पण म्हणून हार घालायचाच होता असं नाही. ह्या बाबतीत मी अजून कारभाऱ्यांच्या बाजूचा आहे. यू.आर.नेच हार घालावा असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? प्राचार्यांना म्हणता आलं असतं, हार दुसऱ्या कुणाच्या हातून घाला, मी आभार मानते. आणि आभार मानताना शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही हे पुढाऱ्याच्या तोंडावर बोलता आलं असतं. नम्रपणे, दोन वाक्यांत. तेवढ्याने तिला कुणी काढलं नसतं. तिने विचार केला नाही. हार हातात दिला, ती गेली आणि घातला. मला हे तिने खाजगीत मान्य केलंय आणि इथे लिहायला परवानगीही दिलीय.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. आपल्याला ते पुडीच्या कागदावरून कळलं. तिने सांगितलं नाही, कारण आपण विचारलं नव्हतं. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत एकाही बैठकीत तिच्या कामाचा विषय निघाला नाही. मी वही काढून बघितली. तिच्या नावापुढे काय आहे? अमक्याच्या पोराचं ॲडमिशन, तमक्याचा दाखला, कोर्टाच्या नोटिशीचं मराठी करून देणे. तिच्याकडे आपण कामं सांगायला गेलो. तुझ्याकडे माणूस आला होता, धमकी दिली होती का, एकटी जळगावला कशी जातेस, रात्री कुठे राहतेस, हे कुणी विचारलं नाही. मी तर बियाण्याच्या दुकानात गेलो, वर लिहिलंच आहे.

मग माणूस हळूहळू तिकडचं होतं. हे आपल्याकडेच होतं असं नाही. बिहारचे लालूप्रसाद यादव १९७३ मध्ये पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते, जयप्रकाशांच्या आंदोलनातून वर आले, १९९० मध्ये मुख्यमंत्री झाले. आसाममध्ये तर विद्यार्थी संघटनेचीच पोरं १९८५ साली सरकारात बसली. त्यातल्या प्रत्येकाला सुरुवातीला त्याच्या गावाने आपलं म्हटलंच असेल. झारखंडच्या आदिवासीला बिहार सरकारकडेच आपलं राज्य मागावं लागलं, आणि आसामच्या बोडोंनी त्या विद्यार्थ्यांच्या सरकारविरुद्धच आंदोलन केलं. ही माणसं सगळी वाईट होती असं मी म्हणणार नाही, तेवढं मला माहीत नाही. पण त्यांना परत गावात बोलावून हिशेब मागायची रीत कुणी ठेवली नसावी.

काही साथी म्हणतात, ह्या भानगडीत पडूच नये, कॉलेजचं राजकारण पैसेवाल्यांचं, आपली लढाई जमिनीची. मला हे पटत नाही. जमिनीची लढाई आता कुठे चालते ते बघा. अर्धी शेतात, अर्धी तहसील आणि कोर्टात. तिथे बसलेला कारकून, वकील, तहसीलदार, फॉरेस्टचा साहेब, सगळे कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून निघालेले. आपल्या ३९ पोरांतली दहा जरी शेवटपर्यंत टिकली, तर दावे लिहायला माझ्यासारख्या बारावीवाल्यावर सगळं पडणार नाही. मी सांगतो, मला इंग्रजी निकाल वाचता येत नाही. दोन वेळा वकिलाने सांगितलं तेच खरं धरून मी तुम्हाला सांगितलंय, आणि एकदा ते चुकीचं निघालं. त्या चुकीचा भुर्दंड कोणत्या गावाला बसला हेही तुम्हाला माहीत आहे.

तर माझं म्हणणं असं. पुढच्या वर्षी आपली आणखी पोरं सी.आर. होतील, मार्क आहेत काहींना. त्यांना आपण अडवू नये आणि हुकूमही सोडू नये. स्टेजवर कोण येणार, काय करायचं, हे आधी त्यांनी येऊन बोलावं, आपण सल्ला द्यावा, शेवटी निर्णय त्यांचा. चूक झाली तर बैठकीत तोंडावर सांगावं, बाजारात नाही. पोरीनेही महिन्यातून एकदा येऊन काय केलं ते सांगावं, ती हो म्हणाली आहे. आणि तिच्याकडे कामं सांगायला जाणाऱ्यांनी आधी माझ्याकडे यावं, मी वहीत लिहीन, बरीचशी मलाच करता येतील. तिची परीक्षा आहे.

एक पैशाचा विषय राहिला. विद्यापीठाच्या बैठकीला तिला जळगावला जावं लागतं. एक दिवस जायला, एक यायला, मध्ये मुक्काम. भाडं विद्यापीठ देतं, पण नंतर, आणि किती नंतर ते शिष्यवृत्तीवरून तुम्ही समजा. आतापर्यंत दोन्ही वेळा तिच्या आईने कोंबड्या विकून भाडं दिलं. हे मला आत्ता, हे लिहिताना विचारल्यावर कळलं. कोर्टाच्या तारखेला आपण घरटी जसं गोळा करतो तसं ह्यालाही करायला हवं. घरटी १ रुपया, ज्याला जमत नाही त्याने ज्वारी दिली तरी चालेल. पुढची बैठक रविवारी आहे, वडाखाली, दुपारी बारानंतर. कारभाऱ्यांना मी विचारलं, तुम्ही देणार का. म्हणाले, "देईन. पण पावती घेईन."